तिळभर सरकलेली रेघ

थांबा रे, पत्ते ठेवा खाली. सुरेश, सच सांगतो, आज तू मधे बोललास ना तर मी उठून जाईन. आंबाखेडपासून सायकल हाणत आलोय, खिशात एक कागद आहे, तो दाखवतो, पण आधी सगळं ऐका. नुसता कागद बघून काही समजणार नाही.

माझा कौतिकमामा माहीत आहे ना तुम्हाला? हां, तोच, केळीच्या गाडीवर बसून भाषण करतो तो. मामा आंबाखेडचा. पण राहतो खडकी नाल्याच्या पलीकडे. झालं असं, की आजोबांच्या काळात पुरानं गावाचा एक कोपरा खाल्ला, तेव्हा पंचवीस घरं उठून नाल्यापलीकडच्या टेकाडावर गेली. शेतं तिकडेच होती त्यांची. तेव्हापासून ती टेकाड वस्ती. गाव तेच, मरीमाय तीच, पाटील तोच, फक्त मधे नाला. उन्हाळ्यात बकरी उडी मारून जाईल असा. आषाढ लागला की बैल वाहून नेईल असा.

मामाची पोरगी अलका, नऊ वर्षांची. शाळा अलीकडे, आंबाखेडात. नाला भरला की हिची शाळा बंद, चार महिने. दोनदा तिसरीतच बसली बिचारी. हुशार आहे यार, पाढे उलटे म्हणून दाखवते. पण पावसाळाभर टेकाडावर बसून काय करते, तर शाळेची घंटा मोजते. घंटा ऐकू येते, जाता येत नाही.

म्हणून मामाच्या डोक्यात एकच गोष्ट. रपटा. पूल नको, काही नको, पाण्यातून माणूस-गाडी जाईल असा दगडी रपटा. बावन्नच्या इलेक्शनला उमेदवार आला, तो त्या नाल्याच्या वाळूत उभा राहून म्हणाला, निवडून आलो की पहिलं काम हे. निवडून आला. मामा दोन वर्षं त्याच्या मागं. आमदार भला माणूस आहे, नाही म्हणत नाही. "कौतिकभाऊ, अर्ज वर गेलाय," एवढंच म्हणतो.

आणि मग मागच्या वर्षी मी तहसीलच्या फळ्यावर ते गॅझेट वाचलं.

"तू तहसीलच्या फळ्यावर काय करत होतास?" दिगंबर, तुला करायचंय काय! वाचत होतो. मला आवडतं वाचायला. तर त्यात होतं, की विधानसभेच्या जागा नव्यानं आखणार आहेत. सगळ्या देशात. कुठलं गाव कुठल्या जागेत, त्याची कच्ची यादी. कोणाची हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत कळवा. मी आंबाखेड शोधलं. आंबाखेड आपल्या जागेत, बुऱ्हाणपूरच्या. ठीक. मग जामफळी, म्हणजे मामाच्या वस्तीच्या पुढचं गाव, ते शेजारच्या जागेत. तेही ठीक. आणि जामफळीच्या पुढे लिहिलेलं, "टेकाड वस्तीसह". दोन जागांच्या मधली हद्द कुठली, तर खडकी नाला.

मी सायकल उचलली आणि सरळ मामाकडे.

मालूमामी अंगणात शेंगा फोडत होती. मी धापा टाकत म्हटलं, "मामी, साहेबलोकांनी रेघ ओढली. नाल्यातून."

मामीनं सूप खाली ठेवलं. आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला, बघतो तर मामी लुगड्यात पितळी भांडी बांधतेय! हंडा, परात, समई, सगळं.

"मामी, काय करतेस?"

"रेघ ओढली ना? मंग? बुऱ्हाणपूरच्या लालबागची ती सिंधीण बाई कपडा विकाले येते, तिनं सांगेल हाय मले. साहेबानं कागदावर रेघ ओढली, अन् सकाळी हिचं घर दुसऱ्या देशात. चूल पेटलेली सोडून निघाली माय ते. मी तं भांडी घेऊनच निघीन."

हसू नका रे. मी पण हसलो होतो, तर मामीनं डोळे वटारले. मग मी तिला बसवून समजावलं. ही तशी रेघ नाही. घर तिथंच, शेत तिथंच, पटवाऱ्याकडचा कागद तोच. जमिनीवर काठीसुद्धा रोवत नाहीत. फक्त मत कोणाला द्यायचं, त्या माणसांची यादी बदलते.

तेवढ्यात मामा बागेतून आला, सगळं ऐकलं, आणि दारातच उभा राहून मला विचारलं, "मंग नाला कोणाचा?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अलीकडचा आमदार एक, पलीकडचा दुसरा. मधला नाला कोणाचा? रपट्याचं एक टोक याच्यात, एक त्याच्यात. हा म्हणीन त्याले विचारा, तो म्हणीन याले विचारा. अन् आमची मतं किती? साठ-सत्तर. जामफळीच्या आमदाराले काय पडेल हाय आमच्या नाल्याचं? त्याची सारी गावं पलीकडे."

यार, मी बी. ए. करतोय. मामा चौथी पास. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता! मी गॅझेट दोनदा वाचलं होतं, आणि मामानं न वाचता त्यातलं भोक दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी परत तहसीलला. तिथं भिकनदादा कारकून आहे, ओळखीचा. त्याला म्हटलं, दादा, ही वस्ती आंबाखेडची आहे, जामफळीत कशी गेली? त्यानं रजिस्टर काढलं आणि मला जे सांगितलं ना, ते ऐकून माझं डोकंच गरगरलं. तुम्हाला माहीत आहे या रेघा कशावर ओढतात? डोक्यांवर! एक्कावन्न साली माणसं मोजली, छत्तीस कोटी. ती सगळी डोकी घ्यायची आणि वाटायची, असं की प्रत्येक जागेत साधारण सारखी येतील. आपल्याकडे लाखाच्या आसपास. म्हणजे इतवाऱ्यातला शेटजी एक डोकं, बहादरपुरातली केळी तोडणारी बाई एक डोकं. सारखं वजन. पाळण्यातलं पोरसुद्धा धरतात. मत नसलं तरी डोकं आहे ना! विचार करा रे, तागडी घेऊन बसलेत कोणीतरी आणि सगळा देश तोलतायत, डोकं डोकं करून.

"आणि तुमच्या वस्तीची डोकी," भिकनदादा म्हणाला, "एकशे एक्केचाळीस. हे बघ, जामफळीच्या खात्यात मांडलीत. मोजणारे गजानन गुरुजी, जामफळीचे. मग रेघा आखणारा आयोग काय करणार? जिथं डोकी, तिथं रेघ."

मी हे मामाला सांगितलं. गजानन गुरुजींचं नाव घेतलं आणि मामाचं तोंड उतरलं. एकदम. पागोटं काढून मांडीवर ठेवलं त्यानं.

"काय झालं मामा?"

मग म्हणाला, "गुरुजी आलते मोजाले. जामफळीची मोजणी करून दमून आलते, पाणी प्याले. आमची मोजणी आंबाखेडच्या माणसाकडे होती, तो काही येईना. मी म्हटलं, बसा गुरुजी, भरीत केलंय, कळण्याची भाकर हाय, जेवा. जेवता जेवता मी म्हटलं, आता आलेच आहात तं आमचीबी डोकी लिहून टाका तुमच्याच कागदावर. त्या माणसाचा फेरा वाचीन. ते म्हणे, असं चालत नही. मी म्हटलं, काय फरक पडतो गुरुजी? दोन्ही गावं आपलीच."

मामी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आयकलं का गोटू? एका भरितापायी एकशे एक्केचाळीस माणसं देऊन टाकली तुझ्या मामानं! आजून दोन भाकरी वाढल्या असत्या तं आंबाखेडबी गेलं असतं."

मी तर उड्या मारायला लागलो. म्हटलं, मामा, मग सोपं आहे! हेच लिहू हरकतीत. मोजणी चुकली म्हणून सांगू.

मामा उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "गुरुजींचं नाव लिहिशीन तं या घरात पाय ठेवू नको. त्यांची नोकरी जाईन. दोन वर्षं राहिली हायेत त्यांची. माझ्या ताटावर बसून त्यांनी माझं आयकलं, अन् मी त्यांच्याच नावानं अर्ज करू?"

आता बोला! रेघ हलवायची तर गुरुजींना बुडवायचं. गुरुजींना वाचवायचं तर अलकानं घंटा मोजत बसायचं. आणि भिकनदादानं हेही सांगितलं होतं, की एकदा पक्कं गॅझेट छापलं की खेळ खलास. कोर्टातसुद्धा जाता येत नाही. जे काय म्हणायचं ते सुनावणीत.

मी हरकत लिहिली. शाळा लिहिली, नाला लिहिला, रपटा लिहिला. मोजणीचा म सुद्धा नाही.

सुनावणी खंडव्याला होती. मी, मामा आणि मामी. मामीला नको म्हटलं होतं, पण ती आधीच डब्यात बसलेली. मोठी खोली, हे एवढे पंखे, आणि भिंतीवर नकाशा, भिंतभर! निमाड आख्खा. त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा. माणसं किती आली होती! वकील, शेटजी, धोतरवाले, टोपीवाले. कोणी म्हणे आमचं गाव अर्धं कापलं, कोणी म्हणे आमचा बाजार तिकडे गेला. टेबलामागं आयोगाचे चष्मेवाले एक साहेब, पांढरे केस, प्रत्येकाचं ऐकून घेत होते. मी बघतच राहिलो यार. आठ-नऊ वर्षांमागं साहेबाच्या खोलीत उभं राहायची हिंमत होती का कोणाची? आणि इथं एक म्हातारा डोंगरातून आलेला, कमरेला लंगोटी, साहेबांना सांगतोय की तुमची रेघ चुकली, आणि साहेब लिहून घेतायत!

मग आमचा पुकारा झाला. मी इंग्रजीत भाषण पाठ केलं होतं. पहिला शब्द विसरलो. हो, हसा. मग साहेबच बोलले, आणि काय बोलले, मराठीत! नागपूरकडची मराठी. म्हणाले, "तुमचं निवेदन मी वाचलं. पण नाला ही स्वच्छ हद्द आहे, कोणालाही दिसते. आणि वस्तीची लोकसंख्या जामफळीत नोंदलेली आहे. मी कागदाविरुद्ध कसा जाऊ?"

मामा पुढे झाला.

"साहेब, कागद चुकीचा हाय. अन् चूक माझी हाय. मोजणाऱ्या गुरुजींले मी खोटं सांगितलं. म्हटलं, ही वस्ती जामफळीचीच हाय. त्यांले काय माहीत? त्यांनी लिहिलं."

साहेबांनी मान वर केली. "मोजणीत खोटं सांगणं गुन्हा आहे, ठाऊक आहे?"

"नव्हतं ठाऊक. आता झालं. जे काय शिक्षा असंन ते मले द्या. पण रेघ सरकवा."

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "कौतिक खोटं बोलतोय, साहेब."

मी वळून बघतो तर गजानन गुरुजी! काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री. आमच्याच गाडीनं आले होते, मागच्या डब्यातून, आम्हाला पत्ता नाही. पुढे आले, हात जोडले. म्हणाले, "म्हणजे तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. आता बोलतोय. वस्ती आंबाखेडची आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी माझ्या कागदावर लिहिली. चूक माझी आहे."

मामा म्हणतो, "गुरुजी, तुम्ही बसा!" गुरुजी म्हणतात, "तू गप बस!" साहेबांच्या समोर, यार! दोघं भांडतायत, चूक माझी, नाही माझी. वकीललोक हसायला लागले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मोजणी माझ्या कचेरीचं काम नाही. मी रेघा ओढतो. पण मला सांगा, तुम्ही दोघंही आपल्या तोंडानं चुकीचे ठरलात. मग वस्ती कोणत्या गावची, हे मी कोणाच्या शब्दावर धरू?"

तेव्हा मामी बोलली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ टेबलापाशी गेली. मला वाटलं आता हिला शिपाई बाहेर काढतो.

"साहेब, तुमच्याकडे नवरदेव येतो तं त्याले सामोरं कोठी जातात?"

साहेब म्हणाले, "गावच्या शिवेवर."

"आमच्यातबी तसंच. शेवंती म्हणतो आम्ही. शिवेवर जायाचं, नवरदेवाले ओवाळायचं, मंग त्याले गावात घ्यायाचं. मागच्या वैशाखात आंबाखेडच्या पोरीचं लगीन झालं, नवरदेव जामफळीचा. या गुरुजींचा पुतण्या. ते वरातीत होते. विचारा त्यांले, आम्ही कोठी ओवाळलं? नाल्यावर?"

गुरुजी म्हणाले, "नाही. वस्तीच्या पुढं. बोरीखालच्या दगडापाशी."

"तं मंग! नाला वलांडून, वस्ती वलांडून, हाकेच्या अंतरावर तो दगड. माझी सासू तिथीच ओवाळायची, तिची सासूबी तिथीच. नाला जर शिव असता साहेब, तं आम्ही बाया नवरदेव घ्याले परक्याच्या गावात गेलो असतो का? येडं म्हटलं असतं लोकांनी."

कोणी हसलं नाही. साहेबांनी गावांचे नकाशे घेऊन कोपऱ्यात बसलेल्या पटवाऱ्याला आंबाखेडचा नकाशा काढायला सांगितला, कापडावरचा. तो टेबलावर पसरला. पिवळा पडलेला, कडा फाटलेल्या. पटवाऱ्याचं बोट नाल्यावरून निघालं, टेकाड ओलांडलं, आणि थांबलं. तिथं एक छोटासा त्रिकोण होता. शिवेच्या दगडाची खूण. आंबाखेडची हद्द तिथपर्यंत, काळ्या शाईत. मामीनं सांगितलं बरोबर तिथं! ती बाई आयुष्यात नकाशा पहिल्यांदा बघत होती. नकाशात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि नकाशाला जे ठाऊक होतं ते सगळं तिला ठाऊक होतं.

साहेब उठले. स्वतः भिंतीपाशी गेले. तांबडी रेघ त्यांनी खोडली, अगदी थोडीशी, आणि शेजारी बारीक दुसरी काढली. किती सरकली माहीत आहे? तीळ असतो ना, तेवढी. त्या भिंतभर नकाशात तीळ! मी डोळे ताणून बघत होतो तरी नीट दिसेना. पण त्या तिळात मामा होता, मामी होती, अलका होती, पंचवीस घरं, बैल, केळी, सगळं. एकशे एक्केचाळीस माणसं नाला ओलांडून अलीकडे आली आणि कोणाचा पाय भिजला नाही. माझ्या अंगावर काटा आला रे. आत्ता पण येतोय, हा बघ.

नाही, तिथं निकाल नाही दिला. साहेब म्हणाले, ही कच्ची रेघ, बाकीच्या सदस्यांशी बोलायचंय, निकाल गॅझेटात. गुरुजींना एवढंच म्हणाले, "मास्तर, पुढच्या मोजणीला जेवून जात जा." बस.

मग वाट बघणं. महिने गेले. मामा दर गुरुवारी बाजाराला आला की पहिला तहसीलच्या फळ्यापाशी. त्याला इंग्रजी येत नाही, तरी जाऊन उभा राहायचा. भिकनदादा खिडकीतूनच हात हलवायचा, नाही आलं म्हणून.

आणि परवा आलं. मी उतरवून घेतलं आणि काल वस्तीवर गेलो. सगळी वस्ती अंगणात. आंबाखेडहूनही माणसं आली. गुरुजी पण आले होते. मी वाचलं, "आंबाखेड, टेकाड वस्तीसह." आणि थांबलो.

मामा म्हणाला, "मंग?"

"मग काही नाही. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच मामा. तीन शब्द."

मामानं मला ते तीन शब्द पाच वेळा वाचायला लावले. पाचव्यांदा त्याच्या डोळ्यात पाणी होतं आणि मी न दिसल्यासारखं केलं. मामी मात्र कंबरेला हात लावून उभी. "झालं रडून? आता नाल्याची दोन्ही टोकं एकाच आमदाराची ना? मंग लिहा अर्ज. आत्ताच. दोन्ही काठची माणसं हायेत इथी."

गुरुजींनी दौत-टाक मागवला आणि स्वतः लिहायला बसले. त्यांचं अक्षर, काय सांगू, छापल्यासारखं. अर्ज झाला, मग अंगठे सुरू झाले. अल्याडचे, पल्याडचे. ज्यांना येत होतं त्यांनी सह्या केल्या. अलका मधे घुसली, मला पण सही करायची. मामीनं हात धरला, "तुझं मत नही आजून."

"पण मला मोजलंय ना?" अलका म्हणाली.

गुरुजी हसले. "मीच मोजलंय. पाच वर्षांची होतीस, भाकरीचा पापुद्रा घेऊन पळत होतीस. कर सही." तिनं नाव लिहिलं, हे एवढं मोठं. अर्धी ओळ खाल्ली.

सगळं झाल्यावर मामानं कागद गुरुजींपुढे धरला. "गुरुजी, तुमची?"

गुरुजींनी टाक पुसला. "माझी नको, कौतिक. मी रेघेच्या पलीकडचा. तुमच्या आमदाराला माझ्या मताची गरज नाही, मला त्याच्या रपट्याची. माझी सही बघून कोणी म्हणायचा, यात बाहेरची माणसं आहेत. अर्ज कच्चा पडेल."

मामा कागद धरून तसाच उभा राहिला. शिवेच्या दगडापासून पंचवीस पावलांवर ज्यांचं शेत लागतं, ज्यांच्या हातानं हा अर्ज लिहिला, त्यांचंच नाव त्यात नाही. गुरुजींनी छत्री घेतली आणि निघाले. मामी त्यांच्यामागं धावली, जेवून जा म्हणून. ते म्हणाले, "आज नाही बाई. आज खरंच नको," आणि दोघंही हसायला लागले.

हा तो कागद. सांभाळून. दोनशे अकरा अंगठे, एकोणीस सह्या, आणि ही अलकाची, ती धरली तर वीस. आमदार उद्या सकाळी अकराला भेटतात. मामा वस्तीवरून निघेल पहाटे. मी तर जाणारच. सुरेश, दिगंबर, तुमची मतं पण याच जागेत आहेत ना? मग येताय की नाही?